मदत हवी आहे – आखाजीचं (अक्षय्य तृतीयेचं) पुरण रात्री कसं ठेवू?

नमस्कार ताई-दादांनो, मी भुसावळची, आमच्याकडे ऊन कसं असतं ते सांगायला नको, रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या. मागच्या आखाजीला 2 किलो डाळीचं पुरण आदल्या संध्याकाळी शिजवून पातेल्यातच झाकून ओट्यावर ठेवलं. सकाळी वरून एकदम छान, पण मधे हात घातला तर कोमट, आंबूस वास आणि बोटाला तार! सगळं गेलं 😔

यंदा सासूबाई म्हणतात गरम पुरण फ्रिजमधे ठेवायचं नाही, फ्रिज बिघडतो, गार झालं की ठेव. पण मी वाचलंय की शिजवलेलं अन्न 2 तासांच्या वर बाहेर नको आणि 32 डिग्रीच्या वर गरमी असेल तर 1च तास, मग एवढं मोठं पातेलं तासाभरात गार होईल कसं?? परातीत पातळ पसरून फॅनखाली ठेवलं आणि वाफ गेली की छोट्या डब्यांत भरून फ्रिजमधे, असं कोणी करतं का? पुरण कोरडं पडतं का त्याने?

आणि रशीचं (पुरणपोळीसोबतच्या आमटीचं) काय, ती सकाळी खळखळून उकळली की चालते असं जाऊबाई म्हणतात, पण काही जंतूंचं विष उकळूनही जात नाही म्हणे. घरी 2 लहान लेकरं आहेत, प्लीज अनुभव असलेल्यांनीच सांगा.