आईंची स्कूटर: तीनचाकी की चारचाकी

आईंसाठी घडीची स्कूटर, म्हणजे चालायला त्रास होणाऱ्यांसाठीची बॅटरीवरची, दुमडता येणारी गाडी, तीनचाकी घ्यावी की चारचाकी, असं तुम्ही विचारलंय. घरात आणि लिफ्टमध्ये वळवायला तीनचाकी सोपी. पण आई संध्याकाळी रंकाळ्यावर जाणार म्हणताय, तर चारचाकीच घ्या. उतरत्या कडेवर वळताना तीनचाकी कलंडायची भीती जास्त.

त्याहून महत्त्वाची चाकं. घडीच्या स्कूटरची चाकं बारकी असतात आणि पोटही जमिनीला जवळ. आपल्याकडचे स्पीडब्रेकर, पेव्हर ब्लॉकच्या फटी तिला जड जातात. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर फिरवून ठरवू नका, बाहेर रस्त्यावर आईंनाच बसवून बघा.

जाहिरातीतलं वजन बॅटरीसकट आहे का, ते विचारा. डिकीत जो ठेवणार, त्यानंच उचलून बघावी.

विमानानं न्यायची असेल तर काढता येणारी एकच लिथियम बॅटरी 300 वॅट-अवरपर्यंत (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) चालते. 24 व्होल्ट गुणिले 12 अँपिअर-अवर म्हणजे 288 वॅट-अवर, मर्यादेत बसते. विमान कंपनीला मात्र आधी कळवायचं.

आणि आईंच्या हाताची पकड कशी आहे? बहुतेक स्कूटर लिव्हर दाबून धरला की चालतात, सोडला की थांबतात. बोटं आखडत असतील तर तो लिव्हर त्यांना जमतोय का, हे सगळ्यात आधी बघा.