मदत हवी आहे : व्हिन्क्युलिनचे ठिपके मोठे दिसतात, तरीही पेशी पुढे का सरकत नाहीत?

खानापूरची_मुलगी
नमस्कार. मी बेळगावला एम.एस्सी. (जीवतंत्रज्ञान) च्या शेवटच्या सत्रात आहे आणि पेशींचे चिकटणे व त्यांची हालचाल यांचा संबंध हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. फायब्रोनेक्टिनचा (पेशींना चिकटायला आधार देणाऱ्या प्रथिनाचा) थर दिलेल्या काचेवर वाढवलेल्या पेशी, पकडीच्या जागी जमणाऱ्या व्हिन्क्युलिन या प्रथिनाच्या प्रतिपिंडाने रंगवल्या असता त्यांच्या कडेला पृष्ठभागाला धरण्याच्या जागा, म्हणजे लांबट, ठळक फोकल अ‍ॅडहेजन दिसतात आणि थर न दिलेल्या काचेवरच्या पेशींपेक्षा ती उघडच मोठी आहेत. पेशीला पुढे जाण्यासाठी पकड लागते असे सगळीकडे वाचायला मिळते, म्हणून या पेशी अधिक वेगाने सरकतील असे मी गृहीतकात लिहिले होते. ओरखडा चाचणीत (पेशींच्या थरात ओरखडा काढून फट किती भरते ते पाहतात) मात्र दुसऱ्या दिवशीही फट जवळपास तेवढीच राहते. मार्गदर्शक म्हणतात, निष्कर्ष जुळत नसेल तर कारण लिही. कारण कोणते, ते सांगत नाहीत. पुढच्या आठवड्यात प्रबंध बांधणीला द्यायचा आहे. कृपया पाठ्यपुस्तक वाचण्याचा सल्ला देऊ नये, ते वाचून झाले आहे. फट का भरत नाही, एवढेच कोणी सांगेल का?

पेशीपाल_पुणे
सांगता येईल, पण आपण दिलेल्या माहितीवरून नाही. पेशी कोणत्या आहेत? फायब्रोनेक्टिनचे प्रमाण किती होते? रंगवताना आणि ओरखडा काढताना माध्यमात सीरम (वाढीचे घटक देणारे रक्तजल) होते का? ओरखडा त्याच काचेवर काढला की दुसऱ्या कशावर? पेशी पेरल्यापासून किती तासांनी रंगवल्या? पेशींची पिढी कितवी आहे, हेही सांगावे. यातील प्रत्येक उत्तरागणिक कारण बदलू शकते.

जुना_प्राध्यापक_निपाणी
इतक्या प्रश्नांची आवश्यकता नाही, मूळ गोष्ट समजली की पुरे. १९७१ मध्ये अ‍ॅबरक्रॉम्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकत्या फायब्रोब्लास्टच्या (संयोजी ऊतीतील पेशीच्या) पुढच्या भागाखाली, पेशी जिथे पृष्ठभागाला टेकते तिथे, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दाट पट्टे पाहिले. तेव्हापासून या रचनेचा अभ्यास चालू आहे. पेशीच्या पटलातील इंटेग्रिन ही प्रथिने बाहेरच्या फायब्रोनेक्टिनला धरतात, आत टॅलिन हे प्रथिन त्यांच्या शेपटीला जोडले जाते, टॅलिनचे दुसरे अंग अ‍ॅक्टिनच्या तंतूंना धरते, आणि ओढ पडली की टॅलिनच्या दांड्यातील घड्या उलगडून व्हिन्क्युलिनला बसण्याच्या जागा मोकळ्या होतात. म्हणजे आपण रंगवलेले व्हिन्क्युलिन हे ताणाचे चिन्ह आहे, वेगाचे नव्हे.

पकड आणि वेग यांचे नाते सरळ चढते नसते. आमच्या वेदगंगेच्या काठच्या काळ्या रानात पावसाळ्यात उसाची गाडी घातली आणि जमीन नुसती निसरडी असली तर चाक जागच्या जागी फिरते. चिखल चिकट झाला तर चाक रुतून बसते. गाडी चालते ती या दोहोंच्या मधल्या अवस्थेत. १९९७ मध्ये पॅलेसेक आणि सहकाऱ्यांनी नेमके हेच मोजून दाखवले. पृष्ठभागावरील फायब्रोनेक्टिन आणि पेशीवरील इंटेग्रिन या दोन्हींचे प्रमाण बदलले असता पेशींचा वेग मध्यम पकडीला सर्वाधिक आढळला आणि त्यापलीकडे घसरला. आपल्या पेशी रुतल्या आहेत. एवढे लिहावे आणि प्रबंध बांधणीला द्यावा.

चिकोडी_लॅबवाला
सर, सिद्धान्त बरोबर असेल, पण मी सोळा वर्षे प्रयोगशाळेत हाताने काम केले आहे आणि माझा पहिला संशय नेहमी मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूवर असतो. या संसर्गाने माध्यम गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकात काही दिसत नाही, पेशी मात्र मंदावतात. दुसरे म्हणजे आपल्या भागात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही. रात्री इनक्युबेटर थंड पडला असेल तर सकाळी फट भरलेली कशी दिसणार? ताईंनी आधी तापमानाची नोंदवही पाहावी.

खानापूरची_मुलगी
इनक्युबेटरला बॅकअप आहे आणि नोंदवहीत खंड नाही. सरांच्या उत्तराबद्दल आभार, आमच्याकडचा चिखल तांबडा असला तरी मुद्दा कळला. पेशीपाल यांनी विचारलेली माहिती देते, जरी ती मला नेहमीचीच वाटते. पेशी एनआयएच ३टी३ (प्रयोगशाळेत वाढवलेले उंदराचे फायब्रोब्लास्ट) आहेत. फायब्रोनेक्टिन मिलिलीटरला ५० मायक्रोग्रॅम, रात्रभर ठेवले. रंगवण्यासाठीच्या पेशी काचेच्या कव्हरस्लिपवर, दहा टक्के सीरममध्ये, पेरल्यानंतर २४ तासांनी स्थिर केल्या. ओरखडा नेहमीच्या सहा खळग्यांच्या प्लॅस्टिक प्लेटमध्ये पिपेटच्या टिपने काढला, तिथे वेगळा थर दिला नाही, कारण पेशी त्या प्लॅस्टिकला तशाही चिकटतात. ओरखड्यानंतर सीरम पूर्ण काढले, कारण पेशींचे विभाजन होऊन फट भरली असा आक्षेप परीक्षक घेतात असे वरिष्ठांनी सांगितले होते. छायाचित्रे शून्य आणि २४ तासांची आहेत.

पेशीपाल_पुणे
आता चित्र स्पष्ट झाले. आपल्याकडे दोन वेगवेगळे प्रयोग आहेत आणि एकाच्या निष्कर्षाने दुसऱ्याचे कारण सांगण्याचा प्रयत्न चालला आहे. पहिल्यात काच, भरपूर फायब्रोनेक्टिन, सीरम आणि विरळ पेरलेल्या सुट्या पेशी. दुसऱ्यात प्लॅस्टिक, थर नाही, सीरम नाही आणि एकमेकींना खेटलेल्या पेशींचा सलग थर. ज्या पेशींची ठळक अ‍ॅडहेजन आपण पाहिली त्या पेशी ओरखड्याच्या कडेला नव्हत्याच, म्हणून प्राध्यापक म्हणतात तशा त्या रुतल्या असे या माहितीवरून म्हणता येत नाही.

सीरमचा मुद्दा तर सर्वांत मोठा आहे, आणि तो नेमका ३टी३ पेशींवरच सिद्ध झालेला आहे. रिडली आणि हॉल यांनी १९९२ मध्ये उपाशी ठेवलेल्या स्विस ३टी३ पेशींना, सीरममध्ये असणारे लायसोफॉस्फॅटिडिक आम्ल दिले, तेव्हा ऱ्हो नावाच्या प्रथिनामार्फत त्यांच्यात ताणतंतू आणि फोकल अ‍ॅडहेजन उभी राहिली. सीरम काढले की ती प्रेरणा जाते, आणि त्याचबरोबर पेशीला पुढे सरण्यास प्रवृत्त करणारे वृद्धिघटकही जातात. त्यामुळे २४ तासांनंतर फट तशीच राहणे यात मला काहीच नवल वाटत नाही. शिवाय थर न दिलेल्या काचेवरही सीरममधील व्हिट्रोनेक्टिन आणि फायब्रोनेक्टिन आपोआप बसते, म्हणजे आपला तो नमुना खऱ्या अर्थाने कोरा नाही.

जुना_प्राध्यापक_निपाणी
सीरमचे म्हणणे मान्य, पण मोठी अ‍ॅडहेजन म्हणजे मंद पेशी हे आपण इतक्या सहज उडवून लावू नये. १९९५ मध्ये इलिच आणि सहकाऱ्यांनी फोकल अ‍ॅडहेजन कायनेज हे विकर नसलेल्या उंदरांच्या पेशी तपासल्या. त्यांच्यात अ‍ॅडहेजनची संख्या वाढली होती आणि हालचाल मंदावली होती. जुनी पकड सुटली नाही तर नवी पकड काय कामाची?

पेशीपाल_पुणे
तो प्रयोग पकड सुटण्याविषयी आहे, आकाराविषयी नव्हे, आणि इथे तोच फरक महत्त्वाचा आहे. पेशीच्या पुढच्या पातळ कडेखाली आधी एक मायक्रॉनहूनही लहान, नवजात अ‍ॅडहेजन तयार होतात. त्यांतील बहुतेक मिनिटभरात विरून जातात, काही मायोसिन या प्रथिनाच्या ओढीने वाढून कित्येक मायक्रॉन लांब होतात, आणि पेशी त्यांच्यावरून पुढे गेली की मागच्या बाजूला त्यांना सुटावे लागते. त्यासाठी सूक्ष्मनलिका त्यांच्यापर्यंत पोहोचतात आणि कॅल्पेन हे विकर टॅलिनचे तुकडे करते. गाडीच्या चाकाला हे काही करावे लागत नाही, म्हणून आपला दृष्टान्त अर्ध्यापर्यंतच चालतो. स्थिर केलेल्या पेशीच्या एका छायाचित्रात आकार दिसतो. कोणते अ‍ॅडहेजन घडते आहे आणि कोणते सुटते आहे, ते दिसत नाही.

जुना_प्राध्यापक_निपाणी
आकाराला अर्थ नाही, असे आपले म्हणणे असेल तर बलाबान आणि सहकाऱ्यांचे २००१ चे मोजमाप पाहावे. अ‍ॅडहेजनचे क्षेत्रफळ जितके अधिक तितके त्यावरचे बल अधिक, चौरस मायक्रॉनला सुमारे ५.५ नॅनोन्यूटन. आकार हा बलाचाच आरसा आहे.

पेशीपाल_पुणे
त्याच वर्षी बेनिंगो आणि सहकाऱ्यांनी माशाच्या सरकत्या फायब्रोब्लास्टमध्ये दाखवले की पुढच्या कडेची लहान, नवजात अ‍ॅडहेजनच पेशीला पुढे खेचणारे जोरदार बल लावतात आणि ती परिपक्व होत जातात तसे ते बल घटते. बलाबान यांच्या पेशी प्रामुख्याने जागेवर स्थिर होत्या, बेनिंगो यांच्या पेशी चालत होत्या. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात, पण सरकणाऱ्या पेशीविषयी बोलायचे तर दुसरा अधिक जवळचा आहे.

टिळकवाडीचा_वाचक
मी वाणिज्य शाखेचा माणूस आहे, तरी विचारतो. माझ्या वडिलांना मधुमेह आहे आणि पायाची जखम बरेच दिवस भरत नाही. ही अ‍ॅडहेजनची कमतरता समजावी का, आणि हळद लावल्याने पेशींची पकड वाढेल का?

चिकोडी_लॅबवाला
दादा, प्लेटमधला ओरखडा आणि मधुमेहाची जखम या एक गोष्ट नव्हेत. वडिलांच्या पायात रक्तपुरवठा, संवेदना, संसर्ग आणि साखर या सगळ्यांचा प्रश्न असतो, म्हणून हळद बाजूला ठेवून त्यांना लगेच शल्यचिकित्सकांना दाखवावे.

थ्रीडी_समर्थक
माझ्या मते या चर्चेचा पायाच कच्चा आहे. काच किंवा प्लॅस्टिक शरीरात कुठे असते? मऊ कोलॅजनच्या जाळ्यात टाकलेल्या पेशींमध्ये इतकी ठळक, लांब अ‍ॅडहेजन क्वचितच दिसतात, आणि पांढऱ्या रक्तपेशी तर इंटेग्रिन नसतानाही अशा जाळ्यातून वाट काढतात, हे २००८ मध्ये लेमरमान आणि सहकाऱ्यांनी उंदरांत दाखवले आहे. ताईंनी सगळे बाजूला ठेवून उंदराच्या शेपटीच्या कोलॅजनचे जेल करावे.

खानापूरची_मुलगी
पुढच्या आठवड्यात बांधणी आहे असे मी पहिल्याच ओळींत लिहिले होते, त्यामुळे जेलचा सल्ला मला या जन्मी उपयोगाचा नाही. प्रतिदीप्त सूक्ष्मदर्शक दुसऱ्या विभागात आहे आणि मंगळवारीच मिळतो. तेवढ्यात करता येईल असा एकच प्रयोग सांगावा.

पेशीपाल_पुणे
मग ओरखडा कव्हरस्लिपवरच काढावा आणि त्याच ओरखड्याच्या कडेच्या पेशी रंगवाव्यात. थराचे प्रमाण मिलिलीटरला १, १० आणि ५० मायक्रोग्रॅम असे तीन ठेवावे आणि प्रत्येकी एक जादा कव्हरस्लिप करावी. पेशींचा थर पूर्ण जुळला की मगच ओरखडा काढावा. सीरम पूर्ण काढण्याऐवजी एक टक्का ठेवावे आणि छायाचित्रे दर दोन-तीन तासांनी बारा तासांपर्यंत घ्यावीत. ३टी३ पेशी साधारण एका दिवसात दुप्पट होतात, म्हणून इतक्या वेळात विभाजनाचा आक्षेप बराच सौम्य होतो. परीक्षक फारच कडक असतील तर विभाजन रोखणारे मायटोमायसिन-सी वापरता येते, पण ते विषारी आहे आणि मार्गदर्शकांच्या उपस्थितीतच हाताळावे. टिप घासल्याने काचेवरचा फायब्रोनेक्टिनही खरवडला जातो, म्हणून तिन्ही कव्हरस्लिपवर दाब सारखा ठेवावा आणि ही मर्यादा प्रबंधात लिहावी. शेवटी इमेजजे या प्रतिमा मोजण्याच्या संगणक-प्रणालीत फटीचे क्षेत्रफळ आणि कडेच्या पेशींतील अ‍ॅडहेजनचे क्षेत्रफळ ही दोन्ही एकाच नमुन्यातून मोजावीत. मधल्या प्रमाणाला वेग सर्वाधिक निघाला तर प्राध्यापकांचे म्हणणे आपल्या हाती पुराव्यासह येईल. न निघाला तरी आपण काय मोजले हे आपल्याला नेमके सांगता येईल.

पेशींची पिढी कितवी, हे अजून कळले नाही.

जुना_प्राध्यापक_निपाणी
वेग मधल्या प्रमाणालाच सर्वाधिक निघेल.

खानापूरची_मुलगी
पिढी वहीत पाहून सांगते. एक व्यावहारिक अडचण आहे: मागच्या वेळी ओरखड्यानंतर पीबीएसने (फॉस्फेटयुक्त क्षारद्रावणाने) धुताना कडेच्या पेशी गोल होऊन सुटून गेल्या होत्या, आणि याही वेळी तसेच झाले तर मंगळवार वाया जाईल.

पेशीपाल_पुणे
आपले पीबीएस कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नसलेले असावे. पेशी सोडवण्यासाठी ट्रिप्सिन हे विकर देण्याआधी धुण्यासाठी तेच वापरतात आणि प्रयोगशाळेत सहसा तीच बाटली हाताशी असते. इंटेग्रिनला फायब्रोनेक्टिन धरून ठेवण्यासाठी हे द्विसंयुजी आयन लागतात, विशेषतः मॅग्नेशियम, म्हणून त्यांच्याविना धुतले की कडेच्या पेशींची पकड सुटते. दोन्ही आयन असलेले, सदतीस अंशांपर्यंत कोमट केलेले पीबीएस घ्यावे आणि ते पेशींवर न ओतता खळग्याच्या भिंतीवरून हळूच सोडावे.

चिकोडी_लॅबवाला
आणि डापीने (डीएनएला चिकटणाऱ्या रंगाने) केंद्रके रंगवणारच असाल तर केंद्रकाबाहेर बारीक ठिपके दिसतात का, तेही त्याच वेळी पाहून घ्यावे. मायकोप्लाझ्माचा डीएनए तिथेच दिसतो.