सासवड ते रायरेश्वर घोड्यावरून, दोन मुक्काम. रात्री घोडे बांधायचे कसे?

माळावरचा_गडी:
नमस्कार मंडळी. घरचे दोन घोडे आहेत, एक मारवाडी घोडी सात वर्षांची आणि एक भीमथडी जातीचं तट्टू, खच्ची केलेलं, एकदम शांत. आत्तापर्यंत सकाळी तासभर माळावर रपेट आणि कधीतरी पुरंदरच्या पायथ्यापर्यंत, बस एवढंच. आता जानेवारीत मी आणि मेहुणा असं ठरवतोय की सासवडहून निघायचं, नारायणपूर, कापूरहोळ, भोर करत रायरेश्वर, सामान घोड्यांवरच, झोपायला तंबू. दिवसाला ४० किमी धरलंय. मेन प्रश्न रात्रीचा आहे, घरी गव्हाण आहे, मोहरकी (तोंडावरची दोरी) अडकवली की काम झालं, पण उघड्यावर झाडाला बांधले तर चालतं का? चारा किती न्यायचा? घरचे म्हणतात टेम्पोत घालून न्या, पण मग मजा काय राहिली.

जुनी_पागा:
४० किमी विसरा हो. तासभर रपेटीचा घोडा आहे तो, पहिल्या दिवशी २० आणि फार तर २५, तेही बरंचसं चालीवर, मधेच थोडी दुडकी. दर तासाला उतरा, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) सैल करा आणि दहा मिनिटं स्वतः पायी चाला, घोड्याला बरं आणि तुमच्या गुडघ्यांनाही. नाल निघायच्या आदल्या दिवशी मारू नका, आठवडाभर आधी मारा. खिळा जरा आत गेला असेल तर लंगडणं दोन-तीन दिवसांनी दिसतं आणि तोवर तुम्ही भोरच्या पुढे असाल.

आता बांधायचं. मी एकदा शहाणपणा केलेला, घोडीला चरता यावं म्हणून बाभळीला वीस फूट दोर देऊन बांधली आणि झोपलो. पहाटे उठून बघतो तर दोर मागच्या पायाला घोट्याखाली गुंडाळलेला, ओढून ओढून खळगीत कातडं सोललेलं, लाल मांस दिसत होतं. दीड महिना घोडी ठाणावर. तेव्हापासून लांब दोर बंद. झाडाला बांधायचं तर तिच्या खांद्याच्या उंचीवर आणि नाक जमिनीपर्यंत जेमतेम पोचेल एवढाच दोर, गाठ एका झटक्यात सुटेल अशी. नाहीतर आपली जुनी अगाडी-पिछाडी, म्हणजे घोड्याला पुढून आणि मागून दोर, जमिनीत मेखा (खुंट्या) ठोकून. पण ती घरी दहा-बारा दिवस सवय करून मगच, नवीन घोडा पिछाडी लागली की लाथा मारून मेखच उपटतो.

आणि मोकळा सुटला तर तो घराकडेच जातो, हे लक्षात ठेवून शोधायला निघा.

डेन्व्हरकर:
इकडे कोलोरॅडोत आमचा असाच ग्रुप आहे, ट्रेलरमधून घोडे डोंगराच्या तोंडाशी न्यायचे आणि पुढे दोन-तीन दिवस घोड्यावर. आम्ही थेट झाडाला बांधतच नाही. दोन जाड झाडांमध्ये डोक्याच्या वर दोर ताणायचा आणि त्याला घोडे बांधायचे, म्हणजे घोडा इकडेतिकडे सरकतो पण गुंतत नाही. झाडाला दोर लागतो तिथे रुंद पट्टा, सालीला इजा नको म्हणून. घोडा रात्रभर खुरानं माती उकरतो, मुळं उघडी पडतात, म्हणून इकडे फॉरेस्टवाले त्यावर फार कडक आहेत. चाराही तणाचं बी नसलेला, सर्टिफिकेटवालाच न्यावा लागतो. तुमच्याकडे तेवढं नसेल, पण निघताना लीद पसरून टाका आणि खड्डे बुजवा, पुढच्या वेळी गाववाले परत उतरू देतील. झाडं नसली तर ही पद्धत बाद, तिथे पागावाल्यांचंच खरं.

भोरकडची:
एक मिनिट, रायरेश्वरला घोडे वर कसे नेणार? शेवटी लोखंडी शिडी आहे!! शिडीखालच्या खिंडीत थांबून एकानं घोड्यांजवळ बसायचं आणि एकानं जाऊन यायचं, नाहीतर प्लॅनच बदला. दुसरं, कापूरहोळला पुणे-सातारा हायवे लागतो, तिथे उजाडताच पोचा आणि घोडे हातात धरून पलीकडे न्या, वर बसून नको. तिसरं, भाटघर धरणाच्या पाण्याशी उतरलात तर जानेवारीत पाणी मागे गेलं की काठाचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आत लापशी असते, आमच्याकडची एक म्हैस त्यात पोटापर्यंत गेलेली, दोर लावून काढली. बादलीनं पाणी आणा. मुक्काम जंगलात न करता गावालगत करा, आधी शेतमालकाला विचारा, कडबा पण तिथेच विकत मिळतो. वाटेत धनगरांचा वाडा दिसला तर लांबूनच हाक द्या, कुत्री भयंकर असतात. तुमच्या भीमथडीला मात्र तिथे मान मिळेल, त्यांची बिऱ्हाडं वर्षानुवर्षं याच तट्टांवर फिरतायत.

खूर_आणि_पोट:
जनावरांची डॉक्टर आहे म्हणून पोटाचं बोलते. घोड्याला उलटी होत नाही, आत गेलेलं चुकलं तर बाहेर यायला वाट नाही, म्हणून प्रवासात चारा बदलायचा नाही. घरी जो कडबा तोच शक्यतो, निदान पहिल्या दिवसाचा बरोबर. विकत घेतलेला घरच्यात मिसळत मिसळत द्या. कोरडा चारा रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोडीला सहा-सात किलो, आणि पाणी दिवसाला ३०-४० लिटर धरा. हरभरा भिजवून तोबऱ्यात (तोंडाला बांधायच्या पिशवीत), पण पोचल्या पोचल्या नाही, आधी पाणी आणि कडबा, अंग वाळलं की मग. रात्री एकदा उठून कुशीला कान लावा, गुडगुड ऐकू आली तर निवांत झोपा. काहीच आवाज नाही, लीद नाही आणि घोडा वळून वळून पोटाकडे बघतोय, तर थांबू नका, डॉक्टरला फोन. नंबर आधीच घेऊन ठेवा, खिंडीत रेंज मिळेलच असं नाही.

माळावरचा_गडी:
शिडीचं माहीतच नव्हतं, मेहुणा म्हणतो वर मीच जाणार 😅 आता रायरेश्वर फक्त खिंडीपर्यंत आणि दोनाचे तीन मुक्काम करतोय. काल अगाडी-पिछाडी लावून बघितली. तट्टू पाच मिनिटांत एक पाय ढिला सोडून डुलकी घ्यायला लागलं. घोडीनं दोन मेखा उपटल्या आणि तिसरी वाकवली. जुनी_पागा, मेख किती लांबीची वापरता?

जुनी_पागा:
दीड हात. मेखेचं डोकं घोड्याच्या उलट दिशेला झुकेल अशी तिरकी ठोका, सरळ नाही. आणि पहिले आठ दिवस तिला फक्त अगाडीच, पिछाडी नंतर.