आरसी पुरात गेली, आता गाडी विकायचीय

वाशिष्ठीकाठ: बाबांची २०१२ ची वॅगनआर आहे, एमएच ०८ (रत्नागिरी) पासिंग. जुलै २०२१ च्या पुरात गाडी वर डोंगराला पाहुण्यांकडे होती म्हणून वाचली पण घरातल्या कपाटातली सगळी कागदं चिखलात गेली, आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) पण त्यातच. तेव्हा घर उपसायचं की आरसीच्या मागे लागायचं, राहिलं ते राहिलंच. डिजिलॉकरवर दिसते म्हणून कधी अडलं नाही. आता खेडचं गिऱ्हाईक आलंय, रोख द्यायला तयार आहे, म्हणतो फॉर्मवर नुसत्या सह्या द्या, बाकी माझा एजंट बघेल. अजून एक घोळ म्हणजे कर्ज कधीच फिटलंय पण ऑनलाइन बघितलं तर पतसंस्थेचं नाव अजून दिसतंय. आधी काय करू?

खाडीपट्टा: डिजिलॉकरची आरसी रस्त्यात पोलिसांना दाखवायला चालते, नावावर करताना आरटीओ ओरिजिनल मागतं. म्हणजे डुप्लिकेट काढायला लागणारच, फॉर्म २६. पण तुमचं खरं त्रांगडं त्या बोजाचं, म्हणजे रेकॉर्डवर राहिलेल्या कर्जाच्या नोंदीचं आहे, कारण बोजा असेल तर २६ वर कर्ज देणाऱ्याची पण संमती लागते. म्हणून आधी पतसंस्थेत जा, एनओसी (ना हरकत दाखला) घ्या आणि बोजा उतरवायच्या फॉर्म ३५ वर त्यांचा सही-शिक्का घ्या, त्यावर बाबांची पण सही लागते. मग पोलीस स्टेशनला आरसी गहाळ झाल्याचा दाखला. चिपळुणात पुरात गेली म्हटल्यावर कोणी फार प्रश्न विचारणार नाही.

हे हातात आलं की परिवहनच्या साइटवर अर्ज. ओटीपी जुन्या नंबरवर जात असेल (बाबा लोकांचं हे ठरलेलंच) तर तिथेच मोबाईल नंबर बदलता येतो, त्याला चासी नंबर आणि इंजिन नंबर लागतो, आरसी नसली तरी इन्शुरन्सच्या पॉलिसीवर दोन्ही छापलेले असतात. दंडाची चलनं असतील ती भरून टाका. आणि नंबर प्लेट बघा, १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी आहे, एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) बसवलेली नसेल तर पुढची कामं अडतात.

कुडाळी_भावजी: कोऱ्या फॉर्मार सही करून दिव नको रे बाबा!! आमच्या काकान अशीच गाडी दिल्यान, घेणाऱ्यान नाव बदललाच नाय, आता तो खय खय फिरता आणि चलनां काकाक येतत.

विमावाला: चलनाचं सोडा हो, अपघात झाला तर काय? २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, नुकसानभरपाई त्याच्यावर येते, गाडी पुढे चार जणांना विकली गेली असली तरी. त्यामुळे गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० पूर्ण भरून, घेणाऱ्याचं नाव आणि तारीख घालूनच सह्या करा. राज्यातल्या राज्यात विकली तर १४ दिवसांत आरटीओला कळवायची जबाबदारी विकणाऱ्याचीच आहे. गिऱ्हाईक गोव्याचं असतं तर फॉर्म २८ ची आरटीओची एनओसी पण लागली असती, खेडचा आहे म्हणजे ०८ मध्येच, तेवढं तरी सोपं.

आणि २०१२ ची म्हणजे २०२७ ला १५ वर्षं होणार, पुन्हा रजिस्ट्रेशनची फी ५००० आणि वर ग्रीन टॅक्स. खेडवाला यावरून भाव पाडणार, तयारीत राहा. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) मात्र गाडीबरोबर देऊ नका, तो बाबांचा आहे, कंपनीकडून लेटर घ्या, पुढच्या गाडीला वापरता येतो.

वाशिष्ठीकाठ: बाप रे, बोनसचं माहीतच नव्हतं. पण पतसंस्थेच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे, शिक्का कोण मारणार?

खाडीपट्टा: सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयात विचारा. दुसऱ्या संस्थेत विलीन झाली असेल तर त्या संस्थेची सही आणि विलीनीकरणाच्या आदेशाची प्रत, बंद पडली असेल तर अवसायक (बंद संस्थेचे व्यवहार मिटवणारा अधिकारी) नेमलेला असतो, त्याची सही. वेळ खाणारं काम आहे पण दुसरा रस्ता नाही. कर्ज फिटल्याची पावती किंवा पासबुकातली नोंद आहे का? पुरात ती पण गेली असेल तर बाबांच्या बँकेतून हप्त्यांचं स्टेटमेंट काढून ठेवा, तिकडे पहिल्यांदा तेच मागतील.

वाशिष्ठीकाठ: हप्ते बँकेतूनच जायचे, स्टेटमेंट मिळेल. खेडवाल्याला फोन केला, थोडं टोकन देऊन थांबायला तयार आहे. चावी आणि गाडी आमच्याकडेच.