मदत हवी आहे : वादळाचे ढग विरतील की रात्रभर टिकतील, हे आधी कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी. उन्हाळी वादळांचा अंदाज शिकतोय. वादळ होईल का, हे केप (CAPE, म्हणजे हवेला वर उसळायला उपलब्ध असलेली ऊर्जा) आणि आर्द्रतेवरून बऱ्यापैकी कळतं. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. एकटा ढग साधारण तासाभरात ओसरतो, पण कधीकधी अनेक ढग जुळून १०० किलोमीटरहून लांब पट्टा बनतो आणि तो रात्रीही सरकत राहतो.

असे पट्टे का टिकतात यावरची रोटुनो, क्लेम्प आणि वाइसमन या हवामानशास्त्रज्ञांची १९८८ची मांडणी वाचली. पावसाने गार झालेली हवा जमिनीलगत पसरते. तिच्या पुढच्या कडेवर नवे ढग सरळ उभे राहायचे, तर खालच्या थरातला विंड शिअर (उंचीनुसार वाऱ्यात होणारा बदल) त्या हवेच्या जोराला तोलणारा हवा. तर्क पटतो, फार सुंदर आहे. पण हा जोर प्रत्यक्षात मोजायचा कशावरून? सिद्धांतात गार थराची जाडीही लागते आणि जमिनीवरच्या केंद्रांवर ती थेट मिळत नाही, तापमानातली घट मिळते. तेवढ्यावर तुम्ही कसं भागवता?

दुसरं म्हणजे, रात्री जमिनीलगतची हवा स्थिर झाली की वादळ वरच्या दमट हवेवर जगतं. तेव्हा जमिनीवरून काढलेला केप फसवा ठरतो असं मला वाटतं. मग सर्वांत अस्थिर थराचा केप आणि लो-लेव्हल जेट (जमिनीपासून थोड्या उंचीवरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा) हेच मुख्य धरावेत का?

हवामान मॉडेलच्या वेगवेगळ्या धावा (संगणकाने काढलेले अंदाज) एकमेकींशी जुळत नाहीत तेव्हा रडारवरची कोणती खूण सर्वांत आधी बघता? रोज अंदाज देणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा.