मदत हवी आहे : दोन दिवसांत कोल्हापूर, पण गुडघे सांभाळून

मंडळी, पुण्याहून येणाऱ्या सहा पाहुण्यांसाठी आखणी करायची आहे. त्यात दोघं सत्तरीपुढचे. अंबाबाई, रंकाळा ठरलेलंच. प्रश्न बाकीच्याचा आहे.

टाउन हॉल संग्रहालय सोमवारी बंद, म्हणून शनिवार-रविवारच धरलेत. तिथली ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननातली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती चुकवायची नाही. हातभर सुद्धा नाही, त्यामुळे मोठ्या शिल्पांकडं बघत गेलं की सरळ निसटते. नवा राजवाडा त्याच दिवशी दुपारनंतर जमेल का, की शनिवारच्या गर्दीत घाई होईल?

रविवारी खिद्रापूर की पन्हाळा, इथं गाडी अडलीय. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप भर दुपारी बघावा असं वाटतं: छताच्या गोल झरोक्यातून ऊन थेट खालच्या गोल शिळेवर उतरतं, आणि भोवतीच्या खांबांचे कंगोरे तेव्हाच उठून दिसतात. पण फरशी तापते आणि चपला बाहेर, तेव्हा जाड मोजे लागणारच. जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटरच्या आसपास धरलंय. नृसिंहवाडी वाटेत घेतली तर वेळेचं गणित बसेल का?

पन्हाळा जवळ, वीसेक किलोमीटर. तीन दरवाजा आणि अंबरखान्यापर्यंत (जुनी धान्यकोठारं) गाडी जाते, पण अंधारबाव या विहिरीच्या पायऱ्या ज्येष्ठांना नकोतच.

नेमकं हवंय ते असं: खिद्रापुरात देवळापासून किती अंतरावर गाडी लावावी लागते, आणि आसपास स्वच्छ स्वच्छतागृह आहे का? अलीकडं जाऊन आलेल्यांनीच सांगा. तांबड्या-पांढऱ्याचे पत्ते नकोत, ते आहेत.