आजी सीएसएमटीला बोरीबंदर का म्हणते?

वेंगुर्लेकर: गणपती करून परत निघालो की दुसऱ्या दिवशी सकाळी आजीचा फोन ठरलेला, "पोचलंस काय रे बोरीबंदराक?" मी कुडाळला कोकणकन्या पकडतो, सीएसएमटीला उतरतो. स्टेशनाला बंदर कसं? आणि आताची इमारत म्हणजेच जुनं बोरीबंदर का?

देवगडचा चाकरमानी: तुझी आजी बरोबर बोलते, बाबा. रेल्वेच्या आधी तिथे बंदरच होतं, माल उतरायचा, वखारी होत्या. तिथेच जीआयपी रेल्वेने साधंसं स्टेशन उभारलं. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी साडेतीनला ठाण्याची पहिली गाडी सुटली ती बोरीबंदरहून. १४ डबे, ४०० च्या आसपास पाहुणे, २१ तोफांची सलामी. रेल्वे यावी म्हणून झटलेल्यांत आपले नाना शंकरशेट होते, हे आजीला जरूर सांग.

आताची इमारत मागाहूनची. आराखडा फ्रेडरिक स्टीव्हन्सचा, काम १८७८ ला सुरू झालं. १८८७ मध्ये राणीच्या राज्याला ५० वर्षं झाली म्हणून नाव पडलं व्हिक्टोरिया टर्मिनस.

माझं ऑफिस फोर्टात होतं. दुपारी डबा खाऊन तिथवर चक्कर मारायचो. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. भिंतीच्या दगडात मोर आहेत, माकडं आहेत, नक्षीकामाला जे. जे. च्या विद्यार्थ्यांचे हात लागलेत. घुमटावरच्या बाईच्या एका हातात मशाल, दुसऱ्यात चाक. तीस वर्षं बघितलं, मन भरलं नाही.

एक सल मात्र आहे. गावी जायचं तर मी तिथून कोल्हापूरची गाडी धरायचो आणि पुढे एसटीने घाट उतरायचो. कोकण रेल्वेचा सगळा मार्ग खुला झाला जानेवारी १९९८ मध्ये. म्हणजे पहिल्या गाडीनंतर १४५ वर्षांनी! माझी आई तोवर राहिली नाही. तिला एकदा तरी गाडीने मुंबईला न्यायचं होतं.

राजापूरची सून: नावाचं पुढचं मी सांगते. १९९६ ला छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ ला त्यात 'महाराज' आलं. मध्ये २००४ ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. आमच्या घरी सासूबाई अजून व्हीटीच म्हणतात.

वेंगुर्लेकर: काका, आजीला सगळं वाचून दाखवलं. तुमच्या आईचं ऐकून ती गप्प झाली. मग म्हणाली, दिवाळीक माका घेवन चल, तो वाघ बघूचो आसा. खालच्या बर्थची दोन तिकिटं बघतोय.